आडनावाचं गाव

माझ्या मुलीनं आयर्लंडमध्ये लग्न ठरवलं तेव्हा बाबांनी एकच गोष्ट विचारली. मुलगा काय करतो, दिसायला कसा, घरी कोण कोण, यातलं काही नाही.

"तेचां आडनाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदोनदा तोंडात घोळवून बघितलं. मग म्हणाले, "ह्या नावाचो गाव खंय आसा?"

बाबांच्या लेखी आडनाव म्हणजे गाव. गोव्यात, आमच्या पेडण्यात, बहुतेकांचं तसंच. गावाच्या नावाला मागं 'कर' लावला की माणूस पुरा झाला. आम्ही राहतो मोरजीला, पण आडनाव डिचोली तालुक्यातल्या एका गावाचं लावतो. ते आडनाव मी इथं लिहीत नाही, आणि जावयाचंही लिहीत नाही. दोन्ही आडनावांची माणसं ठिकठिकाणी आहेत आणि त्यांना मी विचारलेलं नाही.

लहानपणापासून मी बाबांच्या तोंडून एक हकिकत ऐकत आलो. आम्ही त्या गावचे मूळ गावकर, तिथल्या देवळाचे महाजन. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी देव बसवला आणि ज्यांना गाभाऱ्यात जायचा मान आहे, त्यांतले. भावाभावांत बिनसलं, एकजण रागानं पेडण्यात निघून आला, त्याचे आम्ही. बाबा हे सांगायचे तेव्हा त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची. मीही ही हकिकत पुढं चालवली. डिचोलीच्या खाणीवर मी टाइमकीपर होतो, तिथं जेवणाच्या सुट्टीत कोणी घराण्याचा विषय काढला की मी आमचं महाजनपण काढायचो.

आता मागं वळून बघताना एक गोष्ट नवलाची वाटते. मोरजीहून ते गाव गाडीनं दोन तासांच्या आत. खाणीवरून तर दुपारी जाऊन संध्याकाळी परत आलो असतो. पण आमच्या घरातलं कोणी तिथं कधी गेलं नव्हतं. आजोबांपुढं त्या गावाचं नाव काढलं की ते उठून मागच्या परसात जायचे आणि उगाच माडांच्या आळ्यांतली माती सारखी करत बसायचे. आम्हाला वाटायचं, भावबंदकीचा राग. बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "देव हाक मारतलो तेव्हां जावया." देवानं काही हाक मारली नाही. हाक मारली ती व्याह्यांनी.

खाण बंद पडल्यावर मी घराच्या बाजूला दोन खोल्या बांधून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. मुलीच्या लग्नाला आम्ही जाऊ शकलो नव्हतो, म्हणून पुढच्या हिवाळ्यात व्याहीच आम्हाला भेटायला आले आणि त्यातल्या एका खोलीत उतरले. उंच, लालबुंद, जन्मभर बस चालवलेला माणूस. बायको वारलेली. मुलगी तेव्हा गरोदर होती, तिला प्रवास नको म्हणून ते एकटेच आले. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की अनवाणी रस्त्यावर जायचे, गरम पोयो घ्यायचे आणि चालता चालताच एक संपवायचे. माझी बायको त्यांच्यासाठी कमी तिखटाचं माशांचं हुमण वेगळं काढून ठेवायची. ते मुद्दाम आमचंच मागून घ्यायचे आणि डोळे पुसत पुसत जेवायचे.

बाबांशी त्यांची गट्टी जमेल असं मला वाटलं नव्हतं. बाबांना इंग्रजी येत नाही. पण संध्याकाळी दोघं पुढच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, समोरासमोरच्या दगडी सोप्यांवर बसायचे आणि मी मधे दुभाषा. पहिल्याच दिवशी बाबांनी तो प्रश्न विचारला.

"तुमचा गाव कुठला, विचारतायत," मी म्हणालो. "आडनावाचा गाव."

व्याह्यांचा चेहरा उजळला. नंतर कळलं की या विषयानं त्यांना पुरतं धरून ठेवलेलं होतं. बायको गेल्यापासून साठवलेल्या पैशांतून ते आपल्या आडनावाची माणसं शोधत जगभर फिरले होते. बोस्टनमध्ये त्यांच्या आडनावाचा एक न्हावी भेटला. मेलबर्नला एक शाळामास्तरीण. लिव्हरपूलला तर एका गल्लीत दोन घरं. कोणाशीही नातं लागत नव्हतं, पण सगळ्यांनी चहाला बसवलं.

"आमच्यात आडनाव गावाचं नसतं," ते सांगू लागले. "पुढं एक अक्षर असतं, त्याचा अर्थ नातू. कोणा एका मोठ्या माणसाचे आम्ही नातू. पश्चिमेला समुद्राकाठी त्याची जमीन होती, गढी होती."

मी बाबांना सांगितलं. बाबा विचारात पडले. "म्हणजे आज्याचां नाव लावतत. मगे मनीस खंयचो तां कसां कळतलां?"

व्याही खूप हसले. मग म्हणाले, तेच तर दुखणं आहे. इंग्रज आले, पुढचं अक्षर गळालं. नोंद करणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, म्हणून एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं दोन तऱ्हेची झाली. मग बटाट्यावर रोग पडला, उपासमार झाली, आणि जी माणसं मेली नाहीत ती बोटीत बसली. "आज आमच्या मूळ गावात या आडनावाचं जिवंत माणूस एकही नाही. आहेत ती सगळी थडग्यांवरच्या दगडांवर. स्मशानात उभं राहिलं की वाटतं, सगळं गाव मला हाक मारतंय."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो मनीस इतको दर्या वलांडून आपल्या मुळाक जाता. आमचां मूळ हंयच आसा. कित्याक नाय गेलव आमी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या बायकोला नारळ, केळी, कापूर, उदबत्ती काढून ठेवायला सांगितली. लग्नाकार्याचा पांढरा सदरा इस्त्री करून घेतला. मला म्हणाले, "व्याह्यांक घेवया. तेंकाय बघूं दी आमचो देव." त्यांना कोणाला तरी दाखवायचं होतं. इतकी वर्षं सांगत आलेल्या गोष्टीला साक्षीदार मिळाला होता.

गाडीत बाबा पुढं, व्याही मागं. म्हापसा, अस्नोडा, डिचोली. खाणीच्या बंद फाटकावरून जाताना मी नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघितलं. बाबा पुटपुटत होते. देवासमोर काय बोलायचं ते जुळवत असावेत. मये मागं टाकलं आणि आत वळलो. कुळागरं सुरू झाली, सुपारीची झाडं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आली. गावाच्या नावाची पाटी दिसली तेव्हा बाबांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले, पाटीपाशी गेले आणि तिला हात लावून नमस्कार केला. व्याह्यांनी मागून त्यांचा फोटो काढला.

देऊळ नुकतं रंगवलेलं. सभामंडपात तीनचार पुरुष बसून जत्रेच्या तयारीचं बोलत होते. त्यांतल्या एका चष्मेवाल्या गृहस्थानं आमचं स्वागत केलं. माझ्याच वयाचा असेल.

"येयात, बसात. खंयच्यान आयले?"

"मोरजेच्यान," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, सावकाश, आपलं पूर्ण नाव सांगितलं. आडनावावर जोर देऊन. "आमी हंयचेच. पिढ्यो झाल्यो थंय जावन. आज देवाच्या पांयांकडे इल्यांव."

"बरें जालें," तो म्हणाला. "तुमचो वांगड खंयचो?"

वांगड म्हणजे गावकरांच्या घराण्यांतली शाखा. प्रत्येक महाजन कुठल्या ना कुठल्या वांगडाचा असतो, आणि ते त्याला स्वतःच्या नावाइतकं पाठ असतं. बाबा माझ्याकडे बघू लागले. मी काय सांगणार?

"वांगड आता... पयल्यांच्यानी सांगूक नाय," बाबा म्हणाले.

"घर कोणत्या वाड्यावर होतं?"

तो कोकणीतून मराठीवर आला होता. आमच्याकडे देवळातला माणूस एकाएकी शुद्ध मराठी बोलू लागला की समजावं, काहीतरी अवघड बोलायचंय. बाबांनी एका वाड्याचं नाव घेतलं. आजोबांच्या तोंडून कधी निसटलेलं ते एवढंच एक नाव त्यांच्याकडे होतं. ते ऐकून मंडपातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं मान वर केली. आतापर्यंत तो खांबाला टेकून गप्प बसला होता.

"त्या वाड्यार आमचे मुंडकार रावताले," तो म्हणाला. बाबांना नाही, चष्मेवाल्याला. "कांय जाण पेडण्याक गेल्ले. तातले हे."

मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जमिनीत झोपडी बांधून राहायचं, आणि भाटकाराची हाक आली की हातातलं टाकून जायचं. माडांना पाणी घालायचं, लग्नाची लाकडं फोडायची, पालखी नव्हे तर पालखीमागची ओझी वाहायची.

चष्मेवाला चांगला माणूस होता, हे मला सांगितलं पाहिजे. त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं. "काका, असं आहे," तो म्हणाला, "गाव सोडून गेलेले पुष्कळ लोक गावाचं नाव लावतात. त्यात चूक काही नाही. नाव कोणीही लावावं. फक्त महाजन म्हणाल तर तसं नाही. दर्शन घ्या की, अवश्य घ्या. इथून छान दिसतो देव."

त्यानं बोटानं जागा दाखवली. गाभाऱ्यापुढच्या चौकाच्या अलीकडची. खरं म्हणजे पर्यटकही तिथूनच दर्शन घेत असणार, व्याहीही तिथूनच घेणार होते. पण बाबा त्या जागेकडे बघत राहिले. त्यांच्या हातातली पिशवी हळूहळू खाली आली. मी नारळ घेऊन पुजाऱ्याकडे दिला. बाबांनी हात जोडले. ओठ हलत नव्हते. गाडीत जुळवलेलं काहीच त्यांनी म्हटलं नाही.

या सगळ्यात व्याह्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांना फक्त एवढंच दिसलं की बाबांनी आडनाव सांगितलं आणि त्या माणसांनी मान डोलावली. ते आनंदानं पुढं झाले. "यांचं आडनाव आणि तुमचं एकच?" त्यांनी चष्मेवाल्याला इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, "हो, आमचंही तेच." "मग फोटो हवाच!" म्हणत त्यांनी बाबांचा दंड धरला आणि त्यांना त्या माणसाशेजारी उभं केलं. म्हाताऱ्यालाही उठवलं. मी थांबवायला हवं होतं. बाबा उभे राहिले. पांढऱ्या सदऱ्यात, दोन्ही हात मांडीला चिकटवून, जसं बोलावलेलं माणूस उभं राहतं तसे. तो म्हातारा त्यांच्यापासून वीतभर सरकला. फोटोत ते अंतर दिसतं.

परतीला व्याही मागून बोलत राहिले; केवढी भाग्याची गोष्ट, आपल्या नावाच्या माणसांना आपल्या देवासमोर भेटणं! बाबा खिडकीबाहेर बघत होते. मयेच्या तळ्यापाशी मी गाडी थांबवली. चहा घेऊ म्हटलं. बाबा उतरले नाहीत. काठावर शाळेची पोरं पायडलच्या होड्यांवरून आरडाओरडा करत होती. तिथं उभं राहून मी व्याह्यांना सगळं सांगितलं. मुंडकार या शब्दाला इंग्रजी शब्द मला मिळेना. मी म्हणालो, "दुसऱ्याच्या जमिनीवरची माणसं. ते म्हणतात आम्ही तसे होतो. नाव त्यांचं, आम्ही फक्त लावतो."

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. आधी कान लाल झाले, मग सगळा चेहरा. "आणि मी त्यांना फोटोला उभं केलं," ते म्हणाले.

पाण्याकडे बघत ते म्हणाले, "गढीच्या मालकाचं नाव त्याच्या जमिनीवरची माणसंही लावायची. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी आई म्हणायची, आपण खऱ्या रक्ताचे. आता थुंकीवरून सांगतात, कोण कोणाचा. मेलबर्नच्या बाईनं मला थुंकी भरून तपासायला पाठवायची ती नळी पाठवली होती. कपाटात पडून आहे. जग पालथं घातलं, पण त्या नळीत थुंकायचं धाडस होत नाही."

गाडीत बसल्यावर त्यांनी मागून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी तो झटकला नाही, पण मानही वळवली नाही.

पुढच्या आठवड्यात व्याही परत गेले. बाबा त्यांना निरोप द्यायला बाल्कांवात आले, नमस्कार केला, आणि आत गेले. त्यानंतर घरात गावाचा विषय निघाला नाही. पण बाबा बदलले. कोणी ओळखीचं आलं की ते आडनाव गाळून नुसतं नाव सांगायचे. एकदा रक्तदाब तपासायला त्यांना आरोग्य केंद्रात नेलं होतं. नर्सनं पूर्ण नाव पुकारलं. बाबा बाकावरून उठले नाहीत. तिनं पुन्हा पुकारलं. मी म्हटलं, "बाबा, तुमचां नाव." ते म्हणाले, "अर्धां माजां."

मला त्यांची कीव आली, आणि रागही आला. त्या म्हाताऱ्याचा, आजोबांचा, आणि थोडा बाबांचाही. मुंडकार असणं ही काय लाजेची गोष्ट? आमच्या अर्ध्या तालुक्याचे पूर्वज कोणाचे तरी मुंडकार होते. हे मी बायकोला बोललो. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "तेंका लाज मुंडकारपणाची नाय. आयुष्यभर आपण खोटां सांगलां असां दिसता तेंका." ती बरोबर होती. आणि तीच गोष्ट मीही खाणीवर जेवणाच्या सुट्टीत सांगत आलो होतो. फक्त मला ते विसरणं जड गेलं नाही. बाबांकडे त्या गोष्टीशिवाय दुसरं फारसं नव्हतं.

मुलीचा फोन यायचा. तिला आम्ही काही कळवलं नव्हतं. लग्नाच्या वेळी बाबांनीच हट्ट धरला होता की होणाऱ्या बाळाला दोन्ही आडनावं लागली पाहिजेत, आमचं पुढं, त्यांचं मागं. ती तेव्हा हसून हो म्हणाली होती. आता दिवस भरत आले तसं तिनं विचारलं, "आजोबा, इंग्रजीत कसं लिहू? 'के' दोनदा येतो की एकदा?"

बाबा म्हणाले, "बाय, आमचां नाव नाका घालू. तेंचांच घाल."

ती थक्क झाली. "का? तुम्हीच ना म्हणालात?"

"नाका म्हणान सांगलंय मा!" असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते परसात गेले. जाताना मला त्यांच्यात माझ्या आजोबांची पाठ दिसली. इतकं सारखं चालणं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

मग मी मुलीला सगळं सांगितलं. ती तिकडे नर्स आहे, त्यामुळे असेल, ती रडत नाही, प्रश्न विचारते. "त्या म्हाताऱ्यानं सांगितलं ते खरं कशावरून? आणि खरं असलं तरी आपली माणसं तिथून का निघाली, हे त्याला तरी ठाऊक आहे का? त्याच्या बाजूचंच सांगणार तो." थोड्या वेळानं म्हणाली, "सासरे रोज विचारतात, त्या नावाची आणखी माणसं कुठं आहेत, तुझ्या वडिलांनी शोधली का?"

मी शोधली नव्हती. पण मला एकजण आठवला. खाणीवर ट्रक चालवायला सिंधुदुर्गातून येणारी पुष्कळ माणसं होती. त्यांत बांद्याकडचा एक चालक आमच्याच आडनावाचा होता. हजेरीत आमची नावं खालीवर यायची. तेव्हा आम्ही त्यावर थट्टा केली होती, पण मी त्याला कधी सांगितलं नाही की आपण एक असू. तो मळके कपडे घालून डब्यातली भाकरी टायरवर बसून खायचा आणि मी महाजन होतो.

फोन लावला. तो अजून ट्रकच चालवतो, आता वाळूचा. ओळख पटल्यावर खूष झाला. मी विचारलं, तुमचे लोक मूळचे कुठले? "आवस सांगात," तो म्हणाला. "येवा घराक."

बाबांना न्यायचं की नाही यावर आमच्यात वाद झाला. ते म्हणाले, "आनी खंय उबां रवाचां माका?" बायकोनं त्यांची समजूत काढली. म्हणाली, तिथं देऊळ नाही, घर आहे. शेवटी आले, पण इस्त्रीचा सदरा घातला नाही.

चालकाची आई घराशेजारच्या मांगरासमोर नारळाच्या झावळ्या विणत बसली होती. वय झालेलं, ऐकू कमी येणारं. त्याने तिच्या कानाशी जाऊन आम्ही कोण ते सांगितलं. तिनं बाबांकडे निरखून बघितलं आणि पाट पुढं सरकवला. बाबा पाटावर बसले. तिच्या सासूकडून ऐकलेलं तिनं सांगितलं. मधे मधे अडखळत होती, काही नावं तिला आठवत नव्हती, एकदा तर तिनं आपलंच म्हणणं बदललं. पण मुख्य गोष्ट अशी होती.

"आमी इलो ते पळान इलो," ती म्हणाली. "भाटकाराच्या घराक लगीन होतां. आमचो म्हातारो वेठीक गेलो नाय, घरात पोर दुखणायत होतां म्हणान. तर भाटकारान तेका माडाक बांधून घातल्यान. दिसभर. गावान बघल्यान. पोर तवसर मेलां. मगे भाव भाव उठले आणि चलाक लागले. एक पेडण्यात गेलो, एक हंय. आनी एक खंय गेलो माका म्हायत नाय."

"आनी नाव?" बाबांनी विचारलं. "तेंचां नाव कित्याक लावल्यानी?"

"आमी खंय लावलांव?" म्हातारी म्हणाली. "हंयच्या लोकांनी घातल्यानी. कोण इले? त्या गावचे इले. त्याच नावान हाक मारूक लागले."

बाबांनी खाली मान घातली. त्यांच्या खांद्यांना कंप सुटला, म्हणून मी पुढं झालो, पण चालकानं मला हातानं थांबवलं. म्हातारीनं विणणं सोडलं नाही. थोड्या वेळानं तिनं सुनेला हाक मारून सांगितलं, "पेज हाड गो. हे जेवन जातले."

आम्ही जेवलो. उकड्या तांदळाची पेज, सुकट, कैरीचं लोणचं. बाबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

यानंतर सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. परतताना बाबांनी एवढंच विचारलं, "माज्या बापाशीक हां म्हायत आसतलां मा?" मी म्हटलं, असणार. "मगे माका महाजनाची गजाल कोणी सांगली?" आजोबांनी सांगितली नव्हती. ते तर परसात निघून जायचे. बाबांनी लहानपणी शाळेत कोणाच्या तरी तोंडावर मारायला ती स्वतःच रचली असेल, आणि रचल्याचं विसरले असतील. हे मी त्यांना बोललो नाही.

मुलीला मुलगा झाला. तिनं दोन्ही आडनावं लावली, बाबांना न विचारता. व्याह्यांचा फोन आला, त्यांना बाबांशी बोलायचं होतं. मी स्पीकर लावला. त्यांनी बाळाचं पूर्ण नाव वाचून दाखवलं, आमच्या आडनावाचा पुरता चुराडा करत. बाबांनी ऐकलं. म्हणाले, "तेंका सांग, बरां केल्यानी." पण मुलीच्या तोंडून म्हातारीची हकिकत ऐकून व्याह्यांनी ती आपल्या आडनाववाल्या सगळ्यांना लिहून पाठवली आहे, असं मी सांगितलं तेव्हा बाबांना ते आवडलं नाही. आपल्या म्हाताऱ्याला माडाला बांधलं, ते बोस्टनच्या न्हाव्यानं कशाला वाचायचं? मलाही तसंच वाटलं. व्याह्यांनी ती नळी वापरली का, हे मी विचारलेलं नाही.

गेल्या गणपतीला चालक आणि त्याची आई आमच्याकडे येऊन गेले. बाबा आता बांद्याला अधूनमधून जातात, मला गाडी काढायला लावतात, आणि म्हातारीशी तास तास काय बोलतात कोण जाणे. तिसऱ्या भावाचा शोध घ्यायचं त्यांच्या मनात आहे. कोणी म्हणतं बेळगावकडे उतरला, कोणी म्हणतं डिचोलीतच नदीकाठी नार्व्याच्या बाजूला राहून गेला आणि भाटकाराच्या भीतीनं आडनाव बदललं. बदललं असेल तर तो कुठल्या नावानं आहे, आणि त्याची नातवंडं आज कोणाला आपलं मूळ म्हणून काय सांगत असतील, हे कळायला वाट नाही.

मी परवा डिचोलीला कामासाठी गेलो होतो. कार्यालयात समोरच्या माणसानं माझं नाव वाचलं आणि आपलेपणानं विचारलं, "तुमी त्या गांवचे? आमचेय थंयचेच. महाजन मरे तुमी?" माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, पन्नास वर्षांच्या सवयीचं. ते मी गिळलं. पण दुसरं काय सांगायचं तेही मला येईना. तो वाट बघत होता, मागं रांग खोळंबली होती. मी म्हणालो, "आमी मोरजेचे." त्यानं कागदावर शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.